कुत्र्याचा वाटा

आमच्या दैनिकाच्या लातूर पानावर आठवड्यातून एकदा, तळाच्या कोपऱ्यात, एका प्राण्याचा फोटो असायचा. लातूरबाहेर, औशाच्या रस्त्याला, एक बाई सोडून दिलेल्या आणि जखमी प्राण्यांसाठी निवारा चालवतात. तिथल्या एखाद्या कुत्र्याचा किंवा मांजराचा हा फोटो. खाली दोन ओळी: वय, स्वभाव, घर हवे आहे. पान नांदेडच्या कार्यालयात लागायचं आणि ते मी लावायचे. ऐनवेळी जाहिरात आली की सर्वांत आधी हा कोपरा जायचा. एका कुत्र्याच्या बाबतीत हे इतक्यांदा झालं की त्याचा चेहरा मला पाठ झाला. लांबट तोंड, उंच पाय, आत गेलेलं पोट, म्हणजे सगळी ठेवण कारवानी शिकारी कुत्र्याची. शेपटी मात्र गावठी कुत्र्यासारखी वर वळलेली. बाई तोच फोटो पुन्हा पाठवायच्या.

त्या वर्षी फाल्गुनात माझे वडील गेले. एसटीच्या वर्कशॉपमधून ते मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. आमचं कुलदैवत माळेगावचा खंडोबा. यात्रेला ते दरवर्षी जायचे. दर्शन झालं की जनावरांच्या बाजारात, कारवानी कुत्री बांधलेली असतात तिथं, जाऊन उभे राहायचे. दात बघायचे, फासळ्यांवरून हात फिरवायचे, मालकाशी बोलायचे आणि रिकाम्या हातानं परत यायचे. घरात देव आहेत, कुत्रं चालणार नाही, असं आईनं लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं. ते परतले की ती विचारायची, "आलाव का भेटून तुमच्या पाव्हण्यांना?"

"आलो. तुझी विचारपूस करायले होते," ते म्हणायचे.

ते गेल्यावर आई आजारी पडली नाही. पहाटे उठायची, अंघोळ करायची, देवपूजा करायची, दोघींचा स्वयंपाक करायची. पण दारासमोरच्या ओट्यावर येणं तिनं बंद केलं आणि जेवणही जवळपास बंद केलं. माझी कार्यालयातली पाळी दुपारी सुरू व्हायची. घरी परतल्यावर दुरडीत तिची भाकर तशीच दिसायची, एक कोपरा मोडलेला. विचारलं की म्हणायची, "खाल्ली की." उन्हाळा संपेपर्यंत तिच्या सगळ्या ब्लाउजांना आतून टीप घालावी लागली. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. त्यांत काही निघालं नाही. एकदा मी फारच मागं लागले तेव्हा ती म्हणाली, "एकटीला घास उतरत न्हाई. तू तुझं काम कर."

पुढं जे काही केलं ते या वाक्यामुळे केलं.

आषाढात, कांदेनवमी होऊन गेल्यावर, बैठकीसाठी लातूरला जावं लागलं. बैठक लवकर संपली. नांदेडची गाडी निघायला अवकाश होता, म्हणून निवारा बघायला गेले. पत्र्याच्या शेड, फिनेलचा वास, आणि आत शिरताच सगळ्या बाजूंनी भुंकणं. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे फोटो काढून टाकणाऱ्या त्या तुम्हीच का?" त्या हसून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

"जागा नसते."

"इथंबी नसते."

तो कुत्रा मागच्या शेडमध्ये होता. भुंकत नव्हता. किल्लारीकडच्या एका बसथांब्यावर खांबाला बांधून कुणीतरी निघून गेलं होतं. पिल्लू असताना कारवानी म्हणून घेतला असणार, बाई म्हणाल्या. वाढला तशी शेपटी वळली, मग लोक हसले असतील. सापडला तेव्हा अंगभर गोचीड होते. गोचीड तापानं त्याचं रक्त मोडलं होतं आणि तो महिनाभर उठला नव्हता.

"आत्ता कुठं रक्त भरायलंय," त्या म्हणाल्या. "पण ह्याची एक खोड हाय. एकटा खात न्हाई. कुणी शेजारी बसलं तरच तोंड लावतो. मी इतक्या तोंडांमागं पळणार, रोज ह्याच्याजवळ कुठं बसू? नोकरीवाल्या माणसानं नेला तर उपाशी राहील."

मी म्हटलं, "घरी आई असते."

जाताना त्यांनी काय द्यायचं आणि काय नाही ते सांगितलं, आणि एक गोष्ट गेटपर्यंत येऊन पुन्हा सांगितली. "कांदा-लसूण अजिबात न्हाई. कच्चा न्हाई, शिजलेला न्हाई, भाजीच्या रश्श्यातला न्हाई. धडधाकट कुत्र्याचं रक्त मोडतं त्यानं. ह्याचं तर आधीच..." वाक्य तिथंच सोडून त्यांनी कुत्र्याच्या कानामागं खाजवलं. तिथं त्याला एक इंग्रजी नाव होतं. ते आमच्या घरात टिकलं नाही.

आम्ही कार्यालयाच्या गाडीतून आलो. गाडीत आगाऊ छापलेल्या पुरवणीचे गठ्ठे होते आणि कुत्रा त्यांवर बसला होता. अहमदपूरला चहासाठी थांबलो तेव्हा चालकानं त्याला सगळ्या बाजूंनी पाहून घेतलं.

"मॅडम, हे कारवानी हाय का गावठी?"

"दोन्ही."

"मग बरंय. पुढून बघणाऱ्याला कारवानी, मागून बघणाऱ्याला गावठी. कुणीच नाराज न्हाई."

माळेगावपाशी चालकानं स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावला. कुत्रा खिडकीतून बाहेर बघत होता. नांदेड येईपर्यंत एका गठ्ठ्यावर त्यानं आपली खूण केली होती. तो गठ्ठा आम्ही वाटला नाही.

आई दारात आली. "हे काय आणलीस?"

"कुत्रा."

"ते दिसायलंय मला. कुणाचंय?"

"आपलं."

"उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. देव हायत." मग ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. "कारवानी हाय का?"

"अर्धा."

"तुह्या बापाला अर्धाबी भेटला न्हाई," ती म्हणाली आणि आत जाऊन भाकर घेऊन आली.

भाकर त्याच्यासमोर ठेवून ती वळली. तो भाकरीकडं बघत बसला. मी आईला त्याची खोड सांगितली. तिचा विश्वास बसला नाही. आतून थोड्या वेळानं पुन्हा डोकावून गेली, मग पुन्हा. तिसऱ्यांदा आली तेव्हा ओट्याच्या पायरीवर टेकली. त्यानं भाकर खाल्ली. फाल्गुनानंतर आई पहिल्यांदा ओट्यावर बसली होती, आणि हे तिच्या लक्षात आलेलं नव्हतं.

कांदा-लसणाची सूचना ऐकून ती हसली. "कांदेनवमी झाली की. आता वांगेसटीपर्यंत ह्या घरात कांदा कुठंय? तुह्यापेक्षा त्यालाच नेम जमंल."

आमच्या घरात चातुर्मास कडक पाळतात. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याचं शेवटचं खाणं होतं. त्यानंतर कांदा, लसूण, वांगं घरात येत नाही. ते सुरू होतं मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला. आमच्याकडं तिला वांगेसट म्हणतात. म्हणजे ज्या गोष्टी कुत्र्याला वर्ज्य होत्या त्या आम्हालाही वर्ज्य होत्या. सूचना दोघींना माहीत होती. पुढचे चार महिने तिची गरज पडली नाही.

पहिल्या आठवड्यात आई त्याला भरवायला बसायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःची भाकर सोबत आणायला सुरुवात केली, कारण दोनदा उठबस करायला गुडघे दुखतात, असं तिचं म्हणणं. ती एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात घालायची, मग एक त्याच्यासमोर ठेवायची. तिनं घास घेतल्याशिवाय तो आपला घ्यायचा नाही. श्रावणात मी एकदा दुरडी उघडून पाहिली. ती रिकामी होती. मी आईला काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं उद्यापासून मुद्दाम एक भाकर ठेवली असती.

ती त्याला "लेकरा" म्हणायची. सकाळी त्याला घेऊन गिरणीवर जायची. आधी दळण मी नेत असे. गल्लीतल्या बायका तिला गिरणीत भेटायला लागल्या आणि मग ओट्यावर येऊन बसायला लागल्या. शेजारच्या काकू सर्वांत आधी आल्या. या दोघी गल्लीत एकाच वर्षी नवऱ्या म्हणून आलेल्या.

"घरात कुत्रं आणलं म्हणे?"

"घरात न्हाई. दारात."

दिवाळीच्या सुमारास काकूंनी पुन्हा विचारलं, "दारातलं कुत्रं कुठं गेलं? दिसंना."

"दारात न्हाई आता. घरात हाय. थंडी पडली."

"आन् देव?"

"देवाला विचारलं म्या. त्याचंच हाय म्हणला."

समोरचे चाचा रिक्षा चालवतात. त्यांच्या वडिलांपासून ते घर तिथं आहे. रिक्षा उभी असली की कुत्रा मागच्या सीटवर जाऊन बसायचा. "भाभी," चाचा रस्त्यापलीकडून हाक मारायचे, "तुमचे साहेब बसून राहिले. कुठं सोडायचं विचारलं तर बोलत न्हाईत."

"गुर्मी हाय त्याला," आई म्हणायची. "अर्धा कारवानी हाय."

त्यानं गल्लीतली बाकीची कुत्री हाकलून लावली होती. भांडण फारसं झालं नाही. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि ती नदीकडं वळायची. मार्गशीर्षापर्यंत आमच्या गल्लीत दुसरा कुत्रा उरला नव्हता.

वांगेसटीचा कुलाचार असा: बाजरीचे रोडगे, कांद्याची पात आणि लसूण घालून केलेलं वांग्याचं भरीत. तळी उचलतात, भंडारा उधळतात, देवाला नैवेद्य दाखवतात. नंतर माणसं जेवण्याआधी एक वाटा कुत्र्याला देतात, कारण कुत्रा खंडोबाचा. वडील असताना हा वाटा घेऊन ते स्वतः रस्त्यावर जायचे. त्या वर्षी आमच्या घरी सण नव्हता. माणूस गेल्यावर वर्षाच्या आत सण करत नाहीत. आईनं सकाळपासून दार लोटून घेतलं होतं. मी कामावर गेले तेव्हा ती देवघरासमोर बसली होती आणि कुत्रा उंबऱ्याला डोकं लावून पडला होता.

संध्याकाळी तिचा कार्यालयात फोन आला. वडील गेल्यापासून तिनं आपणहून फोन केला नव्हता. मागं कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती.

"सगळे आले गं," ती म्हणाली. "आधी काकू आली ताट घेऊन. म्हणली, कुत्रं सगळ्या गल्लीत एकच हाय आन् ते तुमच्या दारात, मग आम्ही जावं कुठं? मग पलीकडची आली. मग ते कोपऱ्यावरचे आले, लेकीसुनांसकट. आधी त्याला वाढलं, मग मला. काकू म्हणती, तुझ्या घरी सण न्हाई म्हणून देवानं सगळ्यांचा सण तुझ्या दारात पाठवला."

"तू जेवलीस का?"

"जेवले की. लई जेवले. तुला ठेवलंय." मग म्हणाली, "तुझे बाबा असायला पाहिजे होते. त्यांनी कुत्र्यासमोर ताटांची रांग बघितली असती."

माझ्यासमोर पानावर माळेगावच्या गर्दीचा फोटो होता. त्याच्या ओळी लिहून मी पान छपाईला सोडलं.

दुसऱ्या दिवशी कुत्रा सुस्त होता. आई म्हणाली, जास्त झालं असेल. त्यानंतर तो रिक्षाकडं गेला नाही. मग एका सकाळी आईनं भाकर मोडली, आपला घास घेतला, त्याच्यासमोर तुकडा ठेवला आणि त्यानं तोंड फिरवलं. अंगणात त्यानं लघवी केली ती काळ्या चहासारखी होती. चाचांनी रिक्षा काढली. आई मागं बसली, त्याचं डोकं तिच्या मांडीवर.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर उचलून बघितला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"गेल्या चार-पाच दिवसांत काय खाल्लं ह्यानं?"

"भाकर-दूध," आई म्हणाली. "घरचंच. बाहेरचं खात न्हाई तो. सटीला तेवढं देवाचं खाल्लं."

"देवाचं म्हणजे?"

"रोडगा. भरीत."

"भरितात कांदा होता?"

"बिनकांद्याचं भरीत असतंय का डॉक्टरसाहेब? सटीच्या दिवशी तर..."

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. आई कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग कुणी न विचारता ती बोटांवर घरं मोजायला लागली. काकूंचं एक. पलीकडचं एक. कोपऱ्यावरचं. त्यांच्या लेकीनं वेगळं आणलं ते. "काकू आली तवा म्याच म्हणले सगळ्यांला," ती म्हणाली. "इकडंच आणा म्हणले. ह्याच्याबिगर दुसरं कुत्रं न्हाई म्हणले." डॉक्टरांनी तिला थांबवलं नाही. घरं संपल्यावर ती म्हणाली, "त्या लातूरच्या बाईनं सांगितलं होतं. म्याच हसले तवा."

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं: कांद्यानं तांबड्या पेशी फुटतात, लगेच कळत नाही, दोन-चार दिवसांनी कळतं. आधीचं रक्त पुरेसं असतं तर तो कदाचित निभावला असता. आता दुसऱ्या कुत्र्याचं रक्त मिळालं तर प्रयत्न करता येईल. मी लातूरला फोन लावला. बाईंनी कसं झालं ते विचारलं नाही.

"माझ्याकडं एक तगडा हाय. घेऊन निघते. थांबवून धरा त्याला."

दवाखान्यातल्या टेबलावर त्याला सलाईन लावलं. आई शेजारी स्टुलावर बसली. चाचा बाहेर रिक्षात थांबले; त्यांनी त्या दिवशी भाडं घेतलं नाही, दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. बाईंचा फोन अहमदपुरातून आला. आईनं पदरात बांधून आणलेली भाकर सोडली. एक तुकडा मोडून तिनं स्वतःच्या तोंडात घातला, नेहमीसारखा त्याला दिसेल असा चावला, गिळला, आणि दुसरा त्याच्या तोंडाजवळ धरला.

"बघ, म्या खाल्ला," ती म्हणाली. "खा लेकरा."

त्यानं जीभ बाहेर काढून तिच्या बोटांना लावली. तुकडा घेतला नाही. तिनं तो स्वतः खाल्ला आणि पुढचा मोडला. अशी तिनं सबंध भाकर खाल्ली, एकेक घास त्याला दाखवत.

बाई लोह्यात पोचल्या होत्या तेव्हा तो गेला. मी फोन करून सांगितलं, परत फिरा. त्या म्हणाल्या, "आता आलेच हाय तर येते."

त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर एक काळा, रुंद छातीचा कुत्रा होता. त्याला कशाला आणलंय हे माहीत नसल्यामुळे तो शेपटी हलवत होता. बाईंनी आईचा हात धरला. आई दवाखान्यातून पाण्याचं भांडं घेऊन आली आणि गाडीच्या दारात त्या काळ्या कुत्र्यासमोर धरलं. तो पाणी पिईपर्यंत ती वाकून उभी राहिली. "तू आलास," ती म्हणाली, "लई झालं."

चाचांनी आणि मी गल्लीमागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला. आईनं घरून भंडारा आणून टाकला.

संध्याकाळी गल्ली आमच्याकडं आली, माणूस गेल्यावर येते तशी. काकू पायरीवर बसून रडल्या. "सटीला कसा जेवला होता गं पोटभर," त्या म्हणाल्या. "माझे दोन रोडगे खाल्ले त्यानं. देवाचंच होतं, देवानं नेलं."

"हाव," आई म्हणाली.

"काय झालं होतं?"

"जुना ताप उलटला."

जेवणाचं सोडलं तर आई खोटं बोलत नाही, असं मी तोवर समजत होते. काकू गेल्यावर तिनं दार लावलं.

दोन-तीन दिवसांनी मी डॉक्टरांशी बोलून पेपरसाठी एक चौकट लिहिली. कुत्र्याला नैवेद्य देताना काय टाळावं, का टाळावं, लक्षणं कोणती. आमचं गाव, आमची गल्ली, आमचा कुत्रा त्यात कुठंही नव्हता. घरी आईला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली.

"तुमचा पेपर गल्लीत घरोघरी येतोय," ती म्हणाली.

"त्यात कुणाचं नाव नाही."

"नाव कशाला लागतंय? काकू वाचंल. दोन रोडगे माझे होते, म्हणंल. ती झोपायची न्हाई मग. पलीकडची वाचंल. कोपऱ्यावरची ती पोरगी, तिनं हातानं भरवलं त्याला. देवाचं म्हणून घातलं गं त्यांनी. मला सण न्हाई म्हणून माझ्या दारात आले. त्यांना सांगायचं का, तुम्ही मारलं म्हणून?"

"आणि बाकीची कुत्री? पुढच्या वर्षी?"

"त्यांचं म्या बघते."

ती चौकट लागली नाही.

लातूरच्या बाईंनी नंतर दुसऱ्या एका कुत्र्याबद्दल विचारलं. आई नको म्हणाली. दळण पुन्हा मी न्यायला लागले. काकू काही दिवस ओट्यावर येऊन बसल्या, आतून हाक आली तर आत गेल्या, मग त्यांचं येणं कमी झालं. दुरडीत पुन्हा भाकर दिसायची, एक कोपरा मोडलेला. माझी पाळी मी बदलून मागितली. ती मिळाली आणि आता रात्रीचं जेवण आम्ही दोघी सोबत करतो. ती जेवते. आधी एक घास घेते आणि नकळत डाव्या बाजूला खाली बघते.

फाल्गुनात वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. सण परत सुरू झाले. मार्गशीर्षात, वांगेसटीच्या आदल्या दिवशी दुपारी, आईनं चांगलं लुगडं नेसलं आणि मला सोबत चल म्हणाली. ती आधी काकूंकडं गेली.

"उद्या भरीत करशील तवा कुत्र्याचा वाटा कांदा-लसूण घालायच्या आधी काढ. रोडगा कोरा. वांगं भाजून नुसतं, वर मीठबी नको."

"काहून?" काकूंनी विचारलं. "असं कधी केलं न्हाई आपण."

"आमच्या माहेरी तशीच रीत हाय. कुत्रं देवाचं, ते कांदा खात न्हाई. चुकून खाल्ला तर देवाला पोचत न्हाई. इतके दिवस मलाच सांगायचं सुचलं न्हाई."

आईचं माहेर अहमदपूरजवळ आहे. तिथं अशी रीत नाही. माझ्या मामाकडं मी वांगेसटीला गेलेली आहे.

काकूंनी दोन्ही हात कानांना लावले. "आन् आम्ही इतके वर्षं घालायलो."

"न्हाई गं," आई लगेच म्हणाली. "गेल्या वर्षीचं पोचलं. न समजता केलं ते सगळं पोचतंय. आता समजलं म्हणून."

ती पलीकडच्या घरी गेली, कोपऱ्यावर गेली. जिथून जिथून ताट आलं होतं, त्या सगळ्या घरी तिनं हेच शब्द सांगितले, तशाच आवाजात. तिला घरं बोटांवर मोजावी लागली नाहीत. परत येताना चाचा रिक्षा पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. दवाखान्यात आत येऊन त्यांनी कधी कारण विचारलं नव्हतं.

"भाभी, रीत चांगली हाय," ते म्हणाले.

"हाव भाई," आई म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी तळी उचलायला गल्लीतले पाच पुरुष आले. देवाच्या नैवेद्याच्या भरितात पात होती, लसूण होता. चुलीशेजारी एका वाटीत भाजलेलं कोरं वांगं आणि कोरा रोडगा झाकून ठेवलेला होता. दुपारी घरोघरची ताटं बाहेर निघाली. शेजारच्या ओट्यावर काकू आपल्या नव्या सुनेला सांगत होत्या. सून हिमायतनगरची, लग्न होऊन सहा महिने झालेले.

"कुत्र्याचा वाटा कांदा घालायच्या आधी काढायचा असतो. ध्यानात ठेव. पहिल्यापासून आपल्याकडं तशीच रीत हाय."

"हाव, आत्याबाई."

आमचा कुत्रा गेल्यावर बाकीची कुत्री गल्लीत परत आली होती. ती आता कोपऱ्यावर, पिंपळाखाली बसतात. ताटं एकामागून एक आमच्या दारावरून तिकडं गेली. कुणी थांबलं नाही. थांबायला कारण नव्हतं. सुनेनं जाताना आमच्या दाराकडं बघितलं. आई उंबऱ्याच्या आत उभी होती.

"काढला का गं वाटा कांद्याच्या आधी?" तिनं विचारलं.

"काढला, मावशी. आधीच काढला."

आईनं आपली वाटी सुनेच्या ताटात ठेवली, "हे बी दे त्यांना," म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.